इंजिन वरून धरा: क्लच आणि फाउंडेशनच्या कामासाठी घरी बनवलेली जोडपाइपची तुळई

इंजिन आडवं बसवलेल्या छोट्या गाडीची क्लच प्लेट बदलायची असेल, तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. त्यासाठी त्या बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी धरणारा रबरी आधार, सोडावं लागतं, आणि ते सोडलं की इंजिन त्या अंगाला कलंडतं. अशा वेळी बहुतेक जण हाताशी असलेला जॅक चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याखाली) सारतात, वर लाकडाचा तुकडा ठेवतात आणि कामाला लागतात. मीही माझ्या मारुती ८०० वर पहिल्यांदा तेच केलं होतं. गिअरबॉक्स ओढताना जॅक तिरका झाला, इंजिन दोनेक इंच खाली आलं आणि चेंबरला खोलगट पोचा पडला. हात तिथे नव्हता म्हणून वाचला. पोचा बाहेरून किरकोळ दिसत होता, पण चेंबरच्या तळाशी ऑइल ओढणारी जाळी असते आणि तिच्या आणि तळाच्या पत्र्यामध्ये फार थोडी जागा असते. पत्रा वर चढला की तेलाची वाट अडते. पुढे आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा चेंबर पुन्हा खोलावं लागलं.

ते खोलून देणारे वयस्कर मिस्त्री मला एवढंच म्हणाले, "अहो, खाली काम करायचं तर आधार वर पाहिजे. खालची जागा गिअरबॉक्सची आणि तुमच्या हातांची."

त्यानंतर मी जी तुळई बनवली तिची कृती खाली देतोय. बाजारात तयार इंजिन सपोर्ट बार मिळतो. पण लोखंडाच्या दुकानातल्या दोन पाइपांतून आणि वेल्डिंगवाल्याच्या तासाभराच्या कामातून तितकाच भरवशाचा आधार बनतो. अट एकच, मापं अंदाजाने घ्यायची नाहीत.

ही तुळई कशासाठी, कशासाठी नाही

तुळई इंजिनाला जागच्या जागी धरून ठेवते. गिअरबॉक्स उतरवणं, क्लच बदलणं, फाउंडेशनचं रबर बदलणं, ज्या गाड्यांत टायमिंग बेल्टसाठी त्या बाजूचं फाउंडेशन सोडावं लागतं तिथे इंजिन तोलून धरणं, एवढंच तिचं काम. इंजिन बाहेर काढायला ती चालत नाही, त्याला चेन ब्लॉक किंवा क्रेनच हवी. दुसरी गोष्ट म्हणजे तुळई गाडीवर टेकते आणि गाडी घोड्यांवर (उचललेल्या गाडीखाली ठेवायच्या लोखंडी स्टँडवर) टेकते. घोड्या डळमळीत असतील तर वरची तुळई कितीही दणकट असून उपयोग नाही.

आधी गाडी मोजा

बॉनेट उघडून मडगार्डची आतली कड बघा. मडगार्डचा पत्रा जिथे बोल्टने आतल्या अंगावर बसतो, तिथे लांबीभर एक पन्हळ असते. पावसाचं पाणी तिच्यातून वाहून जातं. तुळईचे पाय या पन्हळीत, बोल्टांच्या रांगेच्या जवळ बसवायचे, कारण तिथे पत्र्याचे थर एकमेकांवर आलेले असतात आणि खाली आतला अंगच असतो. मडगार्डच्या बाहेरच्या गोलाईवर वजन कधीही द्यायचं नाही, नुसत्या कोपरानेसुद्धा तिथे पोचा पडतो. मडगार्ड प्लॅस्टिकचं असेल किंवा पन्हळ गंजून पातळ झाली असेल, तर पाय शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या घुमटांवर न्यायचे. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन ते घुमट रोजच पेलत असतात, म्हणून जागा भक्कम. अडचण एकच, बऱ्याच गाड्यांत घुमट मागे येतात आणि इंजिनाचा हूक पुढे राहतो.

तीन मापं वहीत लिहा: एका पन्हळीपासून दुसऱ्या पन्हळीपर्यंतचं अंतर, पन्हळीची रुंदी आणि इंजिनावरचा हूक पन्हळीच्या पातळीपासून किती खाली आहे ते. बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, घुमटावरचे नट यांतलं काही तुळईच्या वाटेत येतं का, तेही पाहून ठेवा.

हूक म्हणजे सिलिंडर हेडला बोल्टने लावलेली भोकाची जाड पट्टी. कारखान्यात इंजिन उचलायला ती लावलेली असते, बहुधा एक गिअरबॉक्सच्या बाजूला आणि एक पलीकडे. जुन्या गाड्यांत कुणीतरी ती काढून टाकलेली असते. तसं असेल तर हेडवरचं रिकामं आट्याचं भोक शोधा आणि ६ मिमी जाडीची पट्टी ८.८ दर्जाच्या बोल्टने लावा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर बोल्ट आत निदान त्याच्या जाडीच्या दीडपट गेला पाहिजे: ८ मिमीचा बोल्ट १२ मिमी आत, १० मिमीचा १५ मिमी. दोन-चार आट्यांवर लटकलेला बोल्ट आट्यांसकट बाहेर येतो. टॅपेट कव्हरचे बोल्ट, प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड, अल्टरनेटरची पट्टी यांना साखळी बांधायचीच नाही.

दोन पाइप का, एक का नाही

आधी माझ्याही डोक्यात एकच मोठा पाइप होता, मधोमध भोक पाडून त्यातून रॉड सोडायचा. पण तुळईवर सगळ्यात जास्त ताण मधोमधच येतो, आणि तोही पाइपच्या वरच्या-खालच्या भिंतींवर. भोक नेमकं त्याच भिंतींना पडतं. शिवाय भोक एकाच जागी, आणि हूक मात्र प्रत्येक गाडीत वेगळ्या जागी. दोन पाइप शेजारी शेजारी ठेवून मध्ये १६ मिमीची फट सोडली की एम-१२ चा, म्हणजे १२ मिमी जाडीचा आटेवाला रॉड त्या फटीतून खाली जातो, कुठेही सरकवता येतो आणि एकही भोक पाडावं लागत नाही.

आता हिशेब. छोट्या पेट्रोल गाडीसाठी मी १५० किलो भार धरतो. काम करताना बाकीची फाउंडेशनं त्यातला वाटा उचलतात, पण हिशेबात ती सवलत घ्यायची नाही. पायांमधलं अंतर १२० सेंमी आणि भार मधोमध धरला, तर वाकवणारा जोर म्हणजे १५० गुणिले १२० भागिले ४, म्हणजे ४५०० किलो-सेंमी. ४० बाय ४० मिमी, ३ मिमी जाडीच्या एका चौकोनी पाइपचा छेदगुणांक (वाकण्याला आकार किती विरोध करतो त्याचं माप) सुमारे ४.६६ घन सेंमी असतो, दोघांचा मिळून ९.३. भागाकार केला की ताण येतो साधारण ४८५ किलो प्रति चौरस सेंमी. साध्या एमएस (मऊ पोलादाच्या) पाइपचं लोखंड २१०० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे चारपटीहून जास्त राखीव ताकद. मधला झोल येतो जेमतेम दीड मिमी.

हाच हिशेब पडदे लावायच्या किंवा ग्रिलच्या २५ बाय २५, २ मिमी पाइपसाठी करून बघा. त्याचा छेदगुणांक सुमारे १.२. एकटा वापरला तर ताण ३७०० च्या वर जातो, म्हणजे तो वाकणारच; दोन जोडले तरी ताण १८५० च्या वर, म्हणजे राखीव ताकद जवळपास उरतच नाही. घरात पडून आहे म्हणून असला पाइप वापरू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

जड डिझेल इंजिनासाठी भार २५० किलो धरा आणि जोडपाइप ५० बाय ५०, ३ मिमीचे घ्या. अशा एका पाइपचा छेदगुणांक सुमारे ७.८, दोघांचा १५.६. ताण पुन्हा ४८० च्याच घरात येतो.

सामान

४० बाय ४० बाय ३ मिमी एमएस पाइपचे दीड मीटरचे दोन तुकडे आणि पायांसाठी त्याच पाइपचा आणखी एक फूट. पाइप ६ मीटरच्या लांबीत येतो, पण फॅब्रिकेशनवाल्याकडे उरलेले तुकडे मिळतात. दुकानदार ज्याला ३ मिमी म्हणतो तो प्रत्यक्षात पातळ असू शकतो. व्हर्नियर नसेल तर तुकडा काट्यावर ठेवा: या पाइपचं वजन मीटरला सुमारे ३.३ किलो भरलं पाहिजे. अडीच किलो भरला तर परत करा. जस्त चढवलेला जीआय पाइप घेऊ नका, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि माणूस रात्रभर तापाने फणफणतो.

बाकी: १६ मिमीच्या चौरस सळईचे ६० मिमीचे दोन तुकडे, ६ मिमी जाडीची पट्टी, १० मिमी जाडीच्या पट्टीचे ६० बाय ९० मिमीचे दोन तुकडे, एम-१२ चा एक मीटर आटेवाला रॉड, एम-१२ चे सहा नट, घडीव आय नट (कडीवाले नट) दोन, डी शॅकल (पिनेने बंद होणाऱ्या कड्या) दोन, ८ मिमीची लोखंडी साखळी मीटरभर, एम-१० चे चार बोल्ट, सागवानाच्या किंवा बाभळीच्या लाकडाच्या दोन पट्ट्या आणि जुन्या टायरचं रबर.

मऊ पोलादाचा एम-१२ रॉडही हजार किलोच्या वर सहज पेलतो. पण मी तो घेतो तो त्याच्या आट्यांसाठी. एम-१२ चा आटा १.७५ मिमीचा असतो. १९ च्या पान्याने नट एक पूर्ण फेरा फिरवला की इंजिन बरोबर १.७५ मिमी वर येतं, पाव फेरा फिरवला की अर्ध्या मिमीहून कमी. गिअरबॉक्स परत बसवताना ही सोय किती मोलाची आहे ते पुढे कळेल. नायलॉनचा दोर, कपडे वाळत घालायची तार किंवा उघड्या तोंडाचा एस-हूक यांपैकी काहीही वापरायचं नाही. दोर ताणतो, तार तुटते आणि उघडा हूक भाराखाली सरळ होतो.

जोडणी

दोन्ही पाइप सपाट जमिनीवर शेजारी ठेवा आणि दोन्ही टोकांना मध्ये १६ मिमीची सळई घाला. पाइपवरची शिवण आतल्या फटीकडे येऊ देऊ नका, रॉड तिथे अडतो. आधी चारही कोपऱ्यांत वेल्डिंगचे छोटे टाके मारा, मग फट मधोमध मोजा. ती सगळीकडे सारखी असेल तरच पूर्ण वेल्डिंग करा. एका बाजूने सलग वेल्डिंग केलं तर पाइप धनुष्यासारखा ओढला जातो, म्हणून आलटून पालटून थोडं थोडं. ३ मिमीच्या भिंतीला अडीच मिमीचा वेल्डिंग रॉड आणि ७० ते ९० अँपिअर पुरे होतात. वेल्डिंगचा सराव नसेल तर हे काम वेल्डिंगवाल्याकडूनच करून घ्या आणि समोर उभे राहा.

पाय असे करा. ६ मिमीची १०० बाय १५० मिमीची पट्टी तुळईच्या खाली, दीडशेची बाजू गाडीच्या लांबीच्या दिशेने. तिच्यावर मधल्या रेषेत ६० मिमी अंतरावर दोन भोकं, त्यांतून एम-१० चे बोल्ट फटीतून वर येतात आणि वरच्या दाबपट्टीवर नटाने आवळले जातात. म्हणजे पायही सरकते झाले, एकच तुळई अल्टोलाही चालते आणि स्विफ्टलाही. बोल्टांची डोकी खालून पट्टीला टाके मारून पक्की करा, नाहीतर आवळताना फिरत बसतात. पट्टीच्या खाली पुढे एक आणि मागे एक असे पाइपचे ६० मिमी उंचीचे दोन तुकडे उभे वेल्ड करा. त्यांच्या तळाला ७५ बाय १५० ची दुसरी पट्टी, आणि तिच्याखाली पन्हळीच्या रुंदीएवढी लाकडी पट्टी स्क्रूने. लाकडाखाली रबर चिकटवा. लाकूड पन्हळीत नीट बसायला रंधा किंवा कानस मारावी लागते, ते काम घाईने करू नका. पाय पन्हळीत पूर्ण लांबीने टेकला तर भार पसरतो, एका कोपऱ्यावर टेकला तर पत्रा बसतो.

रॉडचे ४०० मिमीचे दोन तुकडे कापा. कापण्याआधी रॉडवर एक नट चढवून ठेवा. कापल्यावर तो नट टोकावरून बाहेर काढला की बिघडलेला आटा आपोआप साफ होतो. खालच्या टोकाला आय नट, त्यावर दुसरा नट आवळून कुलूप. वरच्या टोकाला १० मिमीची पट्टी फटीवर आडवी, तिच्या १३ मिमीच्या भोकातून रॉड, वर वॉशर आणि नट. आट्यांना आणि वॉशरखाली ग्रीस. रॉडच्या टोकाला हूक वेल्ड करायचा मोह होतो, पण तो टाळा. वेल्डिंगच्या शेजारचं लोखंड कडक होऊन तिथेच तुटायची भीती असते, आय नट आणि शॅकलला ती नाही.

गाडीवर चढवण्याआधी वजन लावून बघा

ही पायरी गाळायची नाही. तुळई दोन मजबूत ठोकळ्यांवर ठेवा, पायांमधलं अंतर गाडीत असेल तेवढंच. खाली साखळीने फळी टांगा आणि तिच्यावर सिमेंटची ५० किलोची पोती एकेक करून ठेवा. फळी जमिनीपासून चार-पाच इंचांहून वर नको. चार पोती, म्हणजे २०० किलो, अर्धा तास राहू द्या. तुळईच्या शेजारी टोकापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोऱ्याने झोल मोजा: ४० च्या जोडपाइपला साधारण २ मिमी आला पाहिजे. ४ मिमी आला तर पाइप पातळ आहे. पोती काढल्यावर झोल पूर्ण नाहीसा झाला पाहिजे, आणि वेल्डिंगला केसाएवढीही चीर नको. ५० च्या जोडपाइपला सहा पोती लावा.

प्रत्यक्ष वापर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर घोड्यांखाली १८ मिमी प्लायवूडचे तुकडे टाका. पावसाळ्यात ब्लॉकखालची वाळू खचते आणि घोडीचा पाय रुततो. मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा, हँडब्रेक ओढा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी घोड्यांवर बसल्यावर हाताने जोरात हलवून बघा, आणि मगच तुळई चढवा.

रॉड हूकच्या बरोबर वर यायला हवा. तो तिरका राहिला तर भार आला की इंजिन बाजूला ओढलं जातं. हूक पुढे-मागे असेल तर आख्खी तुळई पन्हळीत पुढे-मागे सरकवा. पन्हळ उताराची असते, म्हणून तुळई बॉनेटच्या बिजागरीला पट्ट्याने बांधून ठेवा. गिअरबॉक्सच्या कामाला मुख्य रॉड गिअरबॉक्सच्या बाजूच्या हूकला लागतो, कारण इंजिन तिकडेच कलंडणार असतं. दुसरा रॉड पलीकडच्या हूकला नुसता ताठ करून ठेवा.

आता नट आवळा. साखळी ताठ झाली की अजून एक फेरा, मग थांबा. फाउंडेशनचा लांब बोल्ट सैल करा आणि बोटांनी फिरवून बघा. तो सहज फिरला तर वजन तुळईवर आलेलं आहे. अडकला तर अर्धा फेरा वर किंवा खाली करून पुन्हा बघा. बोल्ट हातोडीने ठोकून काढावा लागतोय म्हणजे उंची अजून जुळलेली नाही, एवढं समजा. दोन-तीन सेंमी वर उचलायची काहीच गरज नसते. उलट त्याने सायलेन्सरचा पुढचा पाइप, रेडिएटरचे होज आणि एक्सलचे आतले सांधे ओढले जातात.

गिअरबॉक्सचं ऑइल काढा, एक्सल काढा, मग गिअरबॉक्सखाली वेगळा जॅक लावा. इथे बऱ्याच जणांची चूक होते. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या रुंद तोंडाचे) बोल्ट काढल्यावर गिअरबॉक्स अर्धवट मागे ओढून तसाच लोंबकळत ठेवतात. त्याचं सगळं वजन मग इनपुट शाफ्टवरून क्लच प्लेटच्या मधल्या भागावर येतं आणि प्लेट वाकते. नवी प्लेट बसवताना असं झालं तर गिअर टाकताना आवाज, क्लच पूर्ण न सुटणं असे त्रास पहिल्याच दिवशी सुरू होतात. म्हणून इंजिन तुळईवर, गिअरबॉक्स जॅकवर, आणि दोन्ही एका रेषेत असतानाच ओढायचं. गिअरबॉक्स सुटला की इंजिन किंचित हलतं, साखळीकडे लक्ष ठेवा. या वेळी डोकं इंजिनाखाली नको, हात बाजूने घाला.

परत बसवताना तुळईची खरी किंमत कळते. प्लेट मध्यावर आणायचं दांडकं वापरून प्रेशर प्लेट आवळलीत, गिअरबॉक्स वर आणलात, आणि शेवटचं एक सेंमी जात नाही असं होतंच. तेव्हा बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून ओढू नका, हाउसिंगला तडा जातो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तोंडांमधली फट वर आणि खाली बघा. वर जास्त असेल तर इंजिनाचं ते टोक वर राहिलंय की खाली, हे नजरेने ठरवा आणि नट पाव-पाव फेरा फिरवत जा. कुणाला तरी क्रँकची पुली हलकेच फिरवायला सांगा. इनपुट शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांशी जुळले की गिअरबॉक्स आपण होऊन डॉवेल पिनांवर (जागा ठरवणाऱ्या खुंट्यांवर) सरकतो. फाउंडेशनचे सगळे बोल्ट हाताने लागले, की मग नट सैल करून भार फाउंडेशनवर सोडा, आणि शेवटचं आवळणं त्यानंतर. भार तुळईवर असताना आवळलं तर रबर पिळलेलंच राहतं आणि गाडी आयडलिंगला थरथरते.

लाकडाची तुळई

वेल्डिंगची सोय नसेल आणि काम एकदाच असेल, तर जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान चालतं. ७५ बाय १०० मिमीचा तुकडा, शंभराची बाजू उभी, गाठ मध्यावर नको, वाळवी अजिबात नको. रॉडचं भोक धरूनही १५० किलोला त्याच्यावर चौरस सेंमीला ४५ किलोच्या आतच ताण येतो आणि चांगलं सागवान तो आरामात पेलतं. रॉडसाठी १४ मिमीचं एकच भोक मधोमध उभं पाडा, वर १० मिमीची पट्टी टाका. पोत्यांची चाचणी यालाही तितकीच लागू. माझं मत विचाराल तर लोखंडी तुळईच बरी, कारण लाकडाचं भोक एका जागी ठरलेलं राहतं आणि गाडी बदलली की सगळं पुन्हा जमवावं लागतं.

काम झालं की रॉड रॉकेलने पुसून पुन्हा ग्रीस लावतो आणि नट रिकामा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघतो. कुठे जड गेला तर तो रॉड बाजूला काढून नवा कापतो. तुळईवर मी पिवळ्या रंगाने "१५० किलो" असं लिहून ठेवलंय, कारण शेजारचे लोक ती मागून नेतात आणि प्रत्येकाच्या गाडीचं इंजिन छोटं नसतं.